कोरा पंखा

दर वर्षी गुऱ्हाळं पेटली की मी आमच्या विमानांच्या नाकावरचे पंखे उतरवते. थंडीत हवा जड असते, उसाच्या अल्कोहोलवर चालणारी इंजिनं सकाळी कुरकुरतात, त्यामुळे इंजिन आणि पंखा यांची वार्षिक जुळणी याच दिवसांत करायची अशी आमच्या कारखान्याची रीत आहे. पंखा उतरवायचा, त्याची वीज तोडायची, एक दिवस टेबलावर निवांत पडू द्यायचा आणि मग पात्यांचे कोन मोजायचे.

त्या वर्षी सर्जेरावच्या विमानाचा पंखा मोजला आणि मी कोनमापी खाली ठेवली. चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

सर्जेराव माझा धाकटा भाऊ. कोल्हापूरच्या बाहेर वाघजाई माळावर आमची छोटी धावपट्टी आहे. तिथून दोन आसनांची हलकी विमानं घाट ओलांडून देवगडच्या कातळसड्यावर जातात. शेजारच्या आसनावर कधी डॉक्टर असतो, कधी रक्ताच्या पिशव्यांची पेटी, कधी बाळंतपणात अडलेली बाई. घाटरस्त्यानं अर्धा दिवस जातो, सर्जेराव एका झेपेत पोचवतो. सेवेचा कारभार त्याची मुलगी मैथिली बघते. इंजिनं आणि पंखे माझ्याकडे. पंच्याहत्तरी उलटली तरी अजून माझ्याकडेच आहेत.

पंखा म्हणजे हवेत फिरणारा स्क्रू. पात्याचा तिरपा कोन कमी ठेवला तर इंजिन मोकळं पळतं आणि विमान झटकन वर चढतं, पण वर गेल्यावर वेग मिळत नाही. कोन जास्त ठेवला तर वेग मिळतो, पण उडायला धावपट्टी पुरत नाही. माझ्या तरुणपणी लाकडी पंख्याला एकच कोन असायचा. कोणत्या इंजिनाला, कोणत्या कामाला, कोणत्या गावच्या हवेला तो किती द्यायचा, हे ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आणि चुकलं नाही फारसं.

उतरताना त्या लाकडी पंख्याची एक खोड होती. विमान नाक खाली करून वेगात आलं की समोरचा वाराच पंख्याला ढकलायचा, इंजिन नको इतकं पळायला लागायचं. वैमानिकाच्या कानाला त्याचा चढा सूर कळायचा आणि हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, मागे घ्यायचा. कान आणि हात, मध्ये दुसरं कोणी नाही.

मग शिकणारा पंखा आला. त्याची पाती कार्बनच्या थरांची असतात, थरांमध्ये धातूचे बारीक धागे विणलेले असतात. वीज दिली की धागे आखडतात आणि पातं उडता उडता आपला पीळ बदलतं. बुंध्यातला संवेदक इंजिनाची थरथर सतत मोजत असतो. पण खरी करामत त्यापुढची आहे. हा पंखा वैमानिकाचा हात शिकतो. हा माणूस थ्रॉटल कधी ओढतो, किती ओढतो, उतरताना घाई करतो का रेंगाळतो, हे त्याला काही महिन्यांत समजतं. मग हात हलायच्या आत पातं वळलेलं असतं. हात चुकला, तर पातं सावरून घेतं. इंधन कमी लागतं, आवाज जवळजवळ होत नाही, आणि सगळे वैमानिक सारखेच चांगले वाटायला लागतात.

धाग्यांना मात्र सवय लागते. बरीच वर्षं एकाच माणसाबरोबर उडालेला पंखा वीज तोडल्यावरही मूळ आकारात पुरता परत जात नाही. आमच्याकडची चामडी चप्पल जशी पायाप्रमाणे बसते, आणि तळवा बघून चालणारा कुठे जोर देतो ते सांगता येतं, तसंच हे. सर्जेरावचा पंखा टोकाकडे अधिक तिरपा होऊन बसला होता. मागच्या वर्षीपेक्षा बराच जास्त. उतरताना इंजिन पळू नये म्हणून जो थ्रॉटल त्यानं ओढायचा, तो त्याच्याकडून वेळेवर ओढला जात नव्हता. त्याचं काम पंखा करत होता.

मी मैथिलीला बोलावलं आणि आकडा दाखवला. लपवून ठेवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण त्या विमानात लोक बसतात.

मैथिलीनं कोनमापी घेऊन स्वतः मोजलं. मग म्हणाली, "आत्या, पप्पांचा हात मंदावलाय."

मी म्हटलं, पंखा काय झालं ते सांगतो, का झालं ते नाही.

"का झालं त्याचं मला काय करायचंय? उद्या हा पंखा वर बिघडला तर सावरणारं कोण? शेजारी बसणाऱ्या डॉक्टरबाईंना मी काय सांगू?"

तिचं चुकत नव्हतं. तिनं त्याच दिवशी सर्जेरावचं नाव उड्डाणांतून काढलं आणि त्याला स्वतः जाऊन सांगितलं. हे तिनं बरं केलं, निरोप पाठवला असता तर त्यानं तिला जन्मभर ऐकवलं असतं.

तो तडक माझ्याकडे आला. टेबलावरच्या पंख्याकडे त्यानं एखाद्या फितूर माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"ह्यानं चुगली केली व्हय माझी?"

मी कोनमापी पुढे केली. त्यानं ती हातातही घेतली नाही. पंखाच बिघडलाय म्हणाला. धागे जुने झालेत म्हणाला. शेवटी म्हणाला, की आक्का, तुला तुझे लाकडी पंखे पुन्हा आणायचेत म्हणून हे सगळं चाललंय. मग गेला. आम्ही दोघं दुपारी कारखान्यात एकत्र जेवतो, गेली कित्येक वर्षं. त्या दिवसापासून तो आपला डबा घेऊन पार विमानांच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागला. मी पाठवलेला मिरचीचा खर्डा त्यानं तसाच परत पाठवला. सर्जेरावनं खर्डा परत पाठवावा, म्हणजे राग खोल गेला होता.

दोन-तीन दिवसांनी त्यानं सगळ्यांसमोर परीक्षा दिली. कोणी मागितली नव्हती.

त्याचं असं आहे. आमच्या वडिलांचा उद्यमनगरात ऑइल इंजिनांचा कारखाना होता. पंचगंगेकाठच्या मळ्यांतली पाण्याची इंजिनं आमच्याकडे यायची. वडील इंजिन उघडायच्या आधी ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं, कुठलं बेअरिंग झिजलं, कुठला वॉल्व्ह उशिरा बसतो. मी हे शिकले, पण सर्जेराव माझ्या फार पुढे गेला. शाळेतून येताना वाटेवरच्या मळ्यातलं इंजिन ऐकून तो मालकाचं नाव सांगायचा. मी इंजिनिअरिंगला गेले, वर्गात मुली दोनच होत्या, आणि सुट्टीत घरी आले की माझी पुस्तकी उत्तरं तो त्या स्क्रूड्रायव्हरनं तपासायचा. आजही आमच्या कारखान्यात कोणतंही इंजिन त्याच्या कानाखालून गेल्याशिवाय विमानावर चढत नाही.

तर त्या दिवशी त्यानं दुसऱ्या विमानाचं इंजिन चालू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हर कानामागे टेकवला, डोळे मिटले आणि सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरचा बाहेरचा वॉल्व्ह सैल आहे, केसभर. मी झाकण उघडून मोजलं. केसभरच सैल होता.

"म्हातारा झालोय मी," तो मैथिलीला म्हणाला. "लिही तुझ्या कागदावर."

"जमिनीवर कोण म्हणतंय, पप्पा?" ती म्हणाली. "प्रश्न वरचा आहे."

तो गेल्यावर मैथिली माझ्यापाशी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण निर्णय बदलला नव्हता. मला मात्र काहीतरी खटकत होतं. ज्याला केसभर सैल वॉल्व्ह ऐकू येतो, त्याला उतरताना बोंबलणारं इंजिन कसं चुकतं? हात मंदावला म्हणावं, तर त्याच हातानं तो अजून बोल्टच्या भोकातून सुईच्या जाडीची तार एका झटक्यात ओवतो. शिकणाऱ्या पंख्याबरोबर उडवून हे कधीच कळलं नसतं, कारण तो सगळं झाकून घेत होता. इथे असा पंखा हवा होता, ज्याला सर्जेराव कोण हे माहीतच नाही. ज्याला काहीच माहीत नाही.

असे तीन माझ्या भिंतीवर टांगलेले होते.

मी मैथिलीला म्हटलं, एक उड्डाण दे. लाकडी पंख्यावर. शेजारी मी बसते. त्यातून जे निघेल ते तिघांनीही मानायचं. ती लगेच हो म्हणाली नाही. माझ्या वयाचा विषय काढला. मी आमच्या घरचा नियम काढला. वडिलांनंतर मी आणि सर्जेरावनं पंखे कोरायला सुरुवात केली तेव्हापासूनचा आहे तो. ज्यानं पंखा लावला, त्यानं पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या शेजारी बसायचं. कशाला हात लावायचा नाही, काही सुचवायचं नाही. आपण लावलेल्या पंख्यावर आपला विश्वास आहे एवढं दाखवायला बसायचं. हा नियम मैथिलीनंही पाळलेला होता. तिनं उड्डाण मंजूर केलं.

मग मला पुन्हा तरुणपणीचं काम मिळालं, आणि मी ते मजेत केलं. भिंतीवरचा पहिला पंखा चढणीसाठी कोरलेला. जुन्या पेट्रोलच्या इंजिनाला तो ठीक होता, पण आताचं अल्कोहोलवरचं इंजिन जास्त जोर देतं, त्याच्यावर तो भिंगरीसारखा सैरावैरा पळाला असता. दुसऱ्याला बुंध्याशी चीर गेली होती. तिसरा सागाच्या पट्ट्या चिकटवून केलेला, मोठ्या कोनाचा, लांब पल्ल्याचा. त्या काळच्या इंजिनाला तो जड जायचा म्हणून मीच बाजूला ठेवला होता. आता त्याला पेलणारं इंजिन आलं होतं. मी तो दोन धारदार पट्ट्यांवर तोलून बघितला, एक पातं वर राहत होतं. त्याच्या टोकाला वार्निशचा हात दिला, तोल जमला. विमानाची शेपूट दोरानं खांबाला बांधली, इंजिन पूर्ण सोडलं, फेऱ्यांचा काटा बघितला. इंधन आणि हवेचं मिश्रण थोडं दाट केलं. पुन्हा सोडलं. काटा मला हवा तिथे येऊन थांबला आणि तो जुना, भरदार आवाज माळावर घुमला. शेडच्या दारात सर्जेराव उभा होता. डबा हातातच होता.

सकाळी हवा निवळ होती. तो डावीकडे बसला, मी उजवीकडे. त्यानं हेडफोन चढवला आणि डावी वाटी कानामागे सरकवली. तरुणपणापासूनची सवय. उजव्या कानाला रेडिओ, डावा इंजिनाला.

आम्ही उडालो. चढण त्यानं सुरेख केली. खाली उसाचे फड, गुऱ्हाळांचा धूर, नदीचं वळण. मनात म्हटलं, याला कोण म्हातारा म्हणेल. मग मैथिलीनं खालून सांगितलं, आता उतरा, आणि त्यानं नाक खाली केलं.

पंख्याचा सूर चढायला लागला. आधी हलका, मग स्पष्ट. माझ्या पायांतून, आसनातून तो मला जाणवत होता. सर्जेरावची नजर बाहेर, धावपट्टीवर. हात थ्रॉटलवर स्वस्थ. काटा लाल रेषेकडे सरकत होता. तो रेषेला टेकला की हेडफोनात घंटी वाजते, पण सर्जेरावनं उभ्या आयुष्यात कधी घंटीची वेळ येऊ दिली नव्हती. मी बोलायचं नव्हतं, हात लावायचा नव्हता. सूर आणखी चढला. मी नियम मोडला. त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवलं.

त्यानं काट्याकडे बघितलं आणि त्याच क्षणी त्याचा हात मागे आला, नेमका, जेवढा हवा तेवढाच. सूर खाली बसला.

मला तेव्हाच कळलं. हात तसाच होता. हाताला सांगावा मिळत नव्हता.

तो घामेजला होता. विमान त्यानं पुन्हा वर घेतलं, धावपट्टीला वळसा घालायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता. मी माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात हात घातला. वडिलांचा स्क्रूड्रायव्हर तिथे नेहमी असतो. इंजिन धरून ठेवणारी पोलादी नळी पुढच्या पत्र्याच्या भिंतीतून आत येते आणि वैमानिकाच्या डाव्या खांद्यापासून वर जाते. मी त्याच्याकडे वाकले, मानेमागून हात नेऊन स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवलं आणि लाकडी मूठ सर्जेरावच्या डाव्या कानामागे, हाडावर दाबून धरली.

तो दचकला. मग त्याची मान हळूच त्या मुठीवर कलली, लहानपणी मळ्यातल्या इंजिनावर कलायची तशी.

दुसऱ्यांदा नाक खाली गेलं. सूर चढायला लागला आणि त्याच्याबरोबर सर्जेरावचा हात मागे आला. सूर थबकला, हात थबकला. वाऱ्याचा एक झोत आला, आवाज किंचित हलला, बोटं किंचित हलली. डोळे पूर्णवेळ बाहेर. चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही. माझी पाठ मात्र अवघडून गेली होती.

इंजिन बंद झाल्यावर त्यानं हेडफोन उतरवला.

"आक्का," तो म्हणाला, "हे असं वाजत होतं? एवढा वेळ?"

"व्हय."

"मला वाटलं, नवे पंखे मुके असतात."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच कोणाला काही कळलं नव्हतं. आवाज न करणाऱ्या पंख्यामागे बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही हे कळणार कसं? घरात तो उजव्या कानानं ऐकत होता, रेडिओ उजव्या कानात होता. आणि त्याच्या कानावर आमचा जो विश्वास, तो सगळा जमिनीवरच्या स्क्रूड्रायव्हरचा होता. तिथे आवाज हाडातून जातो. आम्ही त्याचा कान कधी तपासलाच नव्हता, आम्ही वर्षानुवर्षं त्याचं हाड तपासत होतो. ही चूक आमच्यासारख्या घरातच होऊ शकते.

कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी असते, ती डाव्या कानात आखडली होती. अशात इंजिनासारखे जाड, खालचे सूर आधी जातात, माणसांचं बोलणं बरंचसं कळत राहतं. आतली नस ठणठणीत होती. पुढेमागे शस्त्रक्रिया करता येईल, तोवर हाडावाटे ऐकवणारं यंत्र चालेल. सर्जेरावनं डॉक्टरांना विचारलं, की ते यंत्र स्क्रूड्रायव्हरपेक्षा चांगलं आहे का. डॉक्टरांनी आधी स्क्रूड्रायव्हर बघायला मागितला.

मी त्याच्या हेडफोनात तसलं एक यंत्र बसवून दिलं. इंजिनाच्या नळीवर एक छोटा संवेदक, आणि कानामागे टेकणारी एक गोळी. मैथिलीनं स्वतः त्याच्याबरोबर उडून खात्री केली, मगच वैमानिकांच्या तपासणी अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनीही वर नेऊन, खाली आणून, कानाचे कागद बघून सही केली. त्याचा शिकणारा पंखा तिनं बनवणाऱ्यांकडे पाठवला, जुनी सवय पुसून घ्यायला. आणि एक नवा नियम केला. आमच्या प्रत्येक वैमानिकानं वर्षातून एकदा लाकडी पंख्यावर उडायचं, एकट्यानं नाही, पंखा लावणाऱ्याला शेजारी घेऊन. त्या पंख्याला तिनं नाव दिलं, कोरा पंखा. तरुण पोरं कुरकुरली. पहिल्याच फेरीत दोघांची घंटी वाजली, त्यांचे कान शाबूत असून. मग कुरकुर थांबली.

आम्ही दोघं उडालो त्याच दुपारी सर्जेराव डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला होता. खर्डा कुठाय म्हणून विचारलं. मैथिलीवर रागावलास का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, की माझी पोर आहे, तिनं उतरवलं नसतं तर मी कान धरून विचारलं असतं तिला. वाक्य तिनं पाठीमागून येताना ऐकलं. तिनं त्याच्या डब्यातली एक भाकरी उचलली आणि तिथेच उभ्यानं खाल्ली.

त्याचा शिकणारा पंखा परत येईपर्यंत विमानावर लाकडीच होता. उतारू घ्यायचे नव्हते, तरी तो रोज सकाळी एक फेरी मारायचा. कान आणि हात यांची पुन्हा ओळख करून देतोय म्हणायचा. एकदा उतरून तो सरळ माझ्याकडे आला.

"आक्का, तुझं एक पातं जड आहे."

मी म्हटलं, मी स्वतः तोललंय. केसभरही फरक नाही.

"असंल की. पण वाजतंय."

मी पंखा उतरवला आणि धारदार पट्ट्यांवर ठेवला. एक पातं अगदी संथपणे, कोणी बघत नसल्यासारखं, खाली गेलं. दुसऱ्या टोकाचं वार्निश वाळून हलकं झालं होतं. ते वाळणार हे मी धरायला हवं होतं. सर्जेराव बाजूच्या स्टुलावर बसून पाय हलवत होता आणि काही म्हणत नव्हता, हेच जास्त होतं. मी मुकाट्यानं काचकागदानं जड पातं घासलं, फुंकर मारली, पुन्हा तोललं. आता ते आडवं, स्थिर राहिलं. पंखा विमानावर चढवला, बोल्ट आवळले, हात पुसले.

तो उठला आणि उजवीकडचं दार उघडून उभा राहिला.

"हात लावलास न्हवं पात्याला? बस मग शेजारी."